पहिली ओळ कोणासाठी

दोन ओळींची एक फाइल डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या ओळीत 'नमस्कार मंडळी' हे शब्द पडद्यावर छापायची साधी कमांड आहे. तिच्याकडे सध्या बघायचं नाही. आज पहिल्या ओळीपाशीच बसायचं आहे, आणि ती ओळ आहे '#!/बिन/एसएच'. इथे ती देवनागरीत लिहिली आहे. फाइलमध्ये 'बिन' आणि 'एसएच' ही अक्षरं रोमन असतात.

युनिक्सच्या घराण्यातल्या मशीनवर, मग ते लिनक्स असो, मॅक असो की फ्रीबीएसडी, काम करणाऱ्या माणसाच्या नजरेखालून ही ओळ रोज जाते. जुन्या स्क्रिप्टमधून उचलायची, नव्या स्क्रिप्टच्या डोक्यावर ठेवायची आणि खालच्या कामाला लागायचं, हा शिरस्ता. ती तिथे कशाला आहे हेही बहुतेकांना ठाऊक असतं: ही फाइल कोणत्या प्रोग्रामने वाचायची ते ती सांगते. एवढ्या माहितीवर काम भागतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टीपाशी पुन्हा जाऊन बसलं की तिच्यात अजून बरंच काही सापडतं. म्हणून घाई नको. हात कीबोर्डवरून काढून घ्या.

आधी ओळ वाचणं सोडून द्या आणि तिचे बाइट मोजा. ३५. ३३. ४७. ९८. १०५. ११०. ४७. ११५. १०४. १०. एकूण दहा. ३५ म्हणजे हॅश, ३३ म्हणजे उद्गारचिन्ह, ४७ म्हणजे तिरकी रेघ, त्यापुढचे तीन म्हणजे रोमन बी, आय, एन. शेवटचा १० म्हणजे ओळ संपली. हे सगळे 'म्हणजे' आपण ठरवलेले आहेत. डिस्कवर नुसते आकडे पडून आहेत, आणि त्यांना स्वतःहून काहीही करता येत नाही. मनातल्या मनात ते दहा आकडे पुन्हा एकदा म्हणा, आणि त्यांच्यात 'नमस्कार' कुठे दिसतो का बघा.

या फाइलला 'सीएचमॉड' या कमांडने चालवायची परवानगी दिलेली आहे. परवानगी म्हणजे फाइलच्या नोंदीतला एक बिट. ही फाइल चालवायला हरकत नाही, एवढंच तो सांगतो. कोणत्या प्रोग्रामने चालवायची यावर तो गप्प आहे. इथे थोडं थांबा. मुभा आहे, पण चालवणारा ठरलेला नाही. आपल्या ओळीचं सगळं काम या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत आहे.

कंपाइल केलेल्या प्रोग्रामपुढे हा प्रश्न येत नाही. लिनक्सवर अशा फाइलची सुरुवात १२७, ६९, ७६, ७० या चार बाइटनी होते. शेवटचे तीन म्हणजे ई, एल, एफ. ती खूण दिसली की आत प्रोसेसरला थेट कळणाऱ्या सूचना आहेत हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ओळखतो. त्याही आधी, पीडीपी-११ या मशीनवर युनिक्स चालायचं तेव्हा, अशा फाइलच्या तोंडाशी अष्टमान पद्धतीतला ४०७ हा आकडा असायचा. तो आकडा म्हणजे त्या प्रोसेसरची एक खरीखुरी सूचना होती: पुढचा माहितीचा तुकडा ओलांड आणि पलीकडे उडी मार. ओळख पटवणारी खूण आणि चालण्याचं पहिलं पाऊल एकच. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. आपल्या दोन ओळींच्या फाइलकडे असं काही नाही. ३५ आणि ३३ हे आकडे प्रोसेसरसाठी लिहिलेले नाहीत. तिला वाचायला दुसरं कोणीतरी लागणार.

आता मनातच './नमस्कार' असं त्या फाइलचं नाव लिहून एन्टर दाबा. बोट वर यायच्या आत जे घडतं ते इतकं सावकाश पाहा की एकेक पायरी सुटी दिसेल.

आपण लिहिलेल्या कमांड वाचणारा शेल स्वतःची एक प्रत काढतो. ती प्रत कर्नलकडे एक मागणी करते: मला पुसून टाक आणि माझ्या जागी ही फाइल आण. या मागणीचं नाव 'एक्झेकव्हीई'. कर्नल परवानगीचा बिट बघतो. तो जागेवर आहे. मग फाइलचा सुरुवातीचा तुकडा, आजच्या लिनक्सवर २५६ बाइट, तो स्वतःजवळच्या छोट्या जागेत उचलून घेतो. फाइल दहा ओळींची असो की दहा हजार ओळींची, या क्षणी त्याच्या हातात तेवढाच तुकडा असतो. फाइलचे प्रकार ओळखणारी काही लहान फंक्शनं कर्नलमध्ये असतात. त्यांच्यापुढे हा तुकडा एकामागून एक धरला जातो. स्क्रिप्ट ओळखणारं फंक्शन आधी फक्त दोन गोष्टी विचारतं. पहिला बाइट ३५ आहे का? दुसरा ३३ आहे का? दोहोंपैकी एकही उत्तर 'नाही' आलं, तर हे माझं काम नव्हे म्हणून ते बाजूला होतं.

उत्तर 'हो' आलं तर ते ओळीचा शेवट शोधतं, कडेच्या मोकळ्या जागा आणि टॅब झटकून टाकतं, आणि जे नाव उरलं तो वाचणाऱ्याचा पत्ता धरतं. इथे तो '/बिन/एसएच' आहे. मग ते मागणीच बदलतं. आपण './नमस्कार' असं म्हटलं होतं. आता यादीत आधी '/बिन/एसएच' येतं आणि त्याच्या मागे './नमस्कार'. बदललेली यादी घेऊन कर्नल पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. या वेळी जी फाइल उघडते तिच्या तोंडाशी १२७ आहे. ती चालू लागते. प्रोसेसचा नंबर होता तोच राहतो. आत राहणारा मात्र एव्हाना बदललेला असतो.

या ठिकाणी डोळे मिटा आणि कर्नलने काय काय विचारलं नाही ते आठवा. दुसऱ्या ओळीत काय आहे हे त्याने विचारलं नाही. ती कोणत्या भाषेत लिहिली आहे, नीट लिहिली आहे का, ती भाषा '/बिन/एसएच'ला येते का, यातलंही काही विचारलं नाही. पाकिटावरचा पत्ता वाचून पाकीट तसंच पुढे देणाऱ्या पोस्टमनसारखं त्याने दोन बाइट ओळखले, एक पत्ता उचलला आणि फाइल त्या पत्त्यावर सोपवली. संपूर्ण यंत्रावर ज्याची सत्ता चालते तो कर्नल इथे इतकं कमी जाणून घेतो. या ओळीत खरं मोल कशाला असेल तर या कमी जाणण्याला आहे, असं मला मनापासून वाटतं.

ही रीत युनिक्सच्या जन्मापासूनची नाही. पूर्वी कर्नलला न ओळखता आलेली फाइल तो शेलकडे परत करायचा. ही मजकुराची फाइल दिसते, असं म्हणून शेल ती स्वतःच वाचायला घ्यायचा. वाचणारा एकच होता तोवर हे ठीक चाललं. बर्कलीहून सी शेल आला आणि वाचणारे दोन झाले. मग सी शेलने एक ठोकताळा धरला: फाइलचं पहिलं अक्षर हॅश असेल तर ती आपली, नाहीतर जुन्या शेलची. म्हणजे कोणाची फाइल कोणी वाचायची हे एक शेल दुसऱ्याच्या वतीने अंदाजाने ठरवत होता.

१० जानेवारी १९८० या तारखेच्या एका छोट्या टिपणात बेल लॅब्जमधल्या डेनिस रिची यांनी कळवलं की आता हे काम कर्नल करेल. फाइलच्या सुरुवातीला ही दोन चिन्हं असली तर ओळीचा उरलेला भाग म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रामचं नाव. फायदे त्यांनी रोजच्या व्यवहारातलेच सांगितले होते. स्क्रिप्ट खऱ्या प्रोग्रामसारखी थेट चालवता येईल. चालू प्रोसेसची यादी काढली की नुसतं 'एसएच' न दिसता स्क्रिप्टचं स्वतःचं नाव दिसेल, हिशोबाच्या नोंदीतही तेच नाव लागेल. बर्कलीचा शेल आवडणाऱ्याला कोणता शेल वाचणार ही शंका उरणार नाही. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता नोंदली होती: इतर इंटरप्रिटरही, म्हणजे फाइल वाचून चालवणारे इतर प्रोग्रामही, यात सहज बसतील.

'इतर' या शब्दात तेव्हा कोण होतं? पर्ल १९८७ चा. पायथन १९९१ चा, आणि लिनक्स कर्नलही त्याच वर्षीचा. रुबी, पीएचपी, जावास्क्रिप्ट १९९५ च्या. ते टिपण लिहिलं गेलं तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तरीही यातली प्रत्येक भाषा पुढे त्या ओळीत जाऊन बसली, आणि तिच्यासाठी कर्नलमध्ये एक अक्षरही बदलावं लागलं नाही. रिचींनी तेव्हाच्या भाषांची यादी कर्नलमध्ये घातली असती, तर पुढच्या प्रत्येक भाषेला दारात उभं राहून नाव नोंदवायची वेळ आली असती. यादी नव्हती म्हणून दार उघडं राहिलं. १९८० पासून आजपर्यंतची वर्षं मनात मोजत एकेक भाषा आठवा आणि ती त्या पहिल्या ओळीत लिहून पाहा. दरवेळी बदलतो तो फक्त पत्ता.

कर्नल बाजूला झाला, '/बिन/एसएच' चालू लागला. आता त्याच्या बाजूने पाहा. त्याच्या हातात फाइलचं नाव आहे, फाइल नाही. कर्नलने वाचलेला तुकडा त्याला मिळालेला नाही. तो ती फाइल स्वतः उघडतो आणि पहिल्या बाइटपासून वाचू लागतो. त्याला काय दिसतं? ३५. हॅश. शेलच्या भाषेत हॅशपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर म्हणजे टीप. माणसांनी वाचावी, प्रोग्रामने सोडून द्यावी. तो ती ओळ सोडतो आणि दुसऱ्या ओळीवर येतो. 'नमस्कार मंडळी' पडद्यावर उमटतं.

एकच ओळ दोनदा वाचली गेली. पहिल्याने ती ऐकली आणि बाकीचं सगळं सोडलं. दुसऱ्याने बाकीचं सगळं ऐकलं आणि तेवढी ओळ सोडली. दोघांत काहीही बोलणं झालेलं नाही. शेल, ऑक, पर्ल, पायथन, रुबी या सगळ्यांत हॅश म्हणजे टीप असते, म्हणून कर्नलला दिलेला आदेश त्यांच्या वाटेत येत नाही. जिथे हॅशने टीप सुरू होत नाही तिथे भाषेला वेगळी सोय करावी लागते. लुआचा इंटरप्रिटर फाइलची पहिली ओळ हॅशने सुरू होत असेल तर ती गुपचूप ओलांडतो.

वाचणारा खरोखरच कोणीही असू शकतो का, हे हाताने करून बघायचं असेल तर पहिल्या ओळीत '#!/बिन/कॅट' लिहा, खाली मनात येईल ते लिहा, परवानगी द्या आणि फाइल चालवा. कॅट हा प्रोग्राम दिलेली फाइल जशीच्या तशी पडद्यावर दाखवतो. त्याला कुठलीच भाषा येत नाही आणि टीप म्हणजे काय हेही माहीत नाही. त्यामुळे तुमचा सगळा मजकूर पडद्यावर येतो, आणि एरवी सगळ्यांनी सोडून दिलेली ती पहिली ओळही त्यात सगळ्यात वर असते. कॅटच्या जागी 'आरएम' लिहिलं तर फाइल चालवताच पुसली जाते. कर्नलने 'आरएम'ला सांगितलं की हे घे, आणि 'आरएम'ला घेतलेल्याचं काय करायचं ते एकच ठाऊक. कर्नलच्या दृष्टीने यात वावगं काही नाही. पत्ता बरोबर होता, फाइल पोचली.

आता पत्त्याकडे वळू, कारण ओळीतला नाजूक भाग तोच आहे.

कर्नल शोधाशोध करत नाही. 'बॅश' असं नुसतं नाव दिलं तर तो नेहमीच्या ठिकाणी जाऊन बघणार नाही. पूर्ण पत्ता लागतो. लिनक्सवर बॅश बहुधा '/बिन/बॅश'मध्ये असतो, फ्रीबीएसडीवर तो वेगळा इन्स्टॉल केला की '/यूएसआर/लोकल/बिन/बॅश'मध्ये जातो. एका मशीनवर सहज चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर पहिल्याच ओळीत अडते. म्हणून बरेचजण '#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३' असं लिहितात. एन्व्ह हा प्रोग्राम मुळात भोवतालची चलं दाखवायला आणि बदलायला केलेला. पण त्याला प्रोग्रामचं नाव दिलं की तो ते 'पाथ'मधल्या ठिकाणी शोधतो आणि चालवतो. कर्नल जी शोधाशोध करत नाही ती त्याच्याकडून करून घ्यायची. रिचींच्या टिपणानुसार त्या वेळी संपूर्ण ओळीला १६ अक्षरांची मर्यादा होती, ती वाढवली जाईल असंही त्यांनी सांगितलं होतं. एन्व्हची ही ओळ रोमन अक्षरांत २२ भरते. पहिल्या दिवसांत ती मावलीच नसती.

पत्त्यापुढे आणखी काही लिहिलं तर लिनक्सचा कर्नल ते सगळं एकच तुकडा म्हणून पुढे देतो, मध्ये मोकळ्या जागा असल्या तरी. एन्व्हसमोर 'पायथन३' आणि त्यापुढे 'वजा यू' लिहिलं, तर तो 'पायथन३ वजा यू' या अखंड नावाचा प्रोग्राम शोधू लागतो, आणि अर्थात तो सापडत नाही. तुकडे कसे पाडायचे हे ठरवायचं म्हणजे अवतरणचिन्हं आली, नियम आले, भाषा आली. कर्नल त्यात पडला नाही. शेवटी एन्व्हनेच ते अंगावर घेतलं: 'वजा मोठा एस' हा पर्याय फ्रीबीएसडीवर आधीपासून होता, ग्नूच्या एन्व्हमध्ये तो २०१८ मध्ये आला.

पत्ता तोच राहून आत राहणारा बदलतो असंही होतं. ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटूच्या ६.१० आवृत्तीत '/बिन/एसएच' या पत्त्यावर बॅशऐवजी डॅश हा लहान, चपळ शेल आला. ज्यांनी पहिल्या ओळीत 'एसएच' लिहून खाली बॅशच्या खास सवलती वापरल्या होत्या, त्यांच्या स्क्रिप्ट रातोरात बोलेनाशा झाल्या. ज्यांनी 'एसएच' म्हणून खरोखर 'एसएच'चीच भाषा लिहिली होती, त्यांना बदल झाल्याचं कळलंही नाही. आपल्या एखाद्या जुन्या स्क्रिप्टची पहिली ओळ आठवा आणि विचारा: मी इथे ज्याला बोलावलं आहे, खालचं सगळं खरंच त्याच्या भाषेत आहे का?

२०१९ च्या सुरुवातीची एक हकिगत इथे सांगायलाच हवी. निक्सओएस या लिनक्सच्या प्रकारात '/बिन'मध्ये फक्त 'एसएच' असतो आणि '/यूएसआर/बिन'मध्ये फक्त एन्व्ह. बाकी प्रत्येक प्रोग्राम लांबलचक सांकेतिक नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतो. त्यामुळे तिथल्या काही पर्ल स्क्रिप्टची पहिली ओळ शेकडो अक्षरांची व्हायची. तेव्हा कर्नलकडे १२८ बाइटचीच जागा होती. त्यापुढचं तो मुकाट्याने कापून टाकायचा. अर्धवट कापलेली ओळ घातक ठरू शकते, म्हणून कर्नलच्या लोकांनी बदल केला: ओळ मावत नसेल तर फाइल नाकारायची. बदल सरळ आणि शहाणपणाचा होता. आणि निक्सओएसवरच्या स्क्रिप्ट बंद पडल्या.

कारण काय? पर्ल पहिली ओळ सोडून देत नाही. तो ती स्वतः पुन्हा वाचतो आणि तिच्यातले पर्याय स्वतः लागू करतो. कर्नलने ओळ अर्ध्यात कापली तरी पर्लचा पत्ता कापलेल्या भागाच्या आधी होता. पर्ल सुरू झाला की तो फाइल उघडून संपूर्ण ओळ वाचायचा आणि राहिलेलं भरून काढायचा. पहिल्या वाचणाऱ्याने काय गाळलं हे दुसऱ्याला माहीत नव्हतं, दुसरा ते भरून काढतो हे पहिल्याला माहीत नव्हतं, आणि या दोन अज्ञानांच्या आधाराने लोकांची कामं बिनबोभाट चालली होती. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी तो बदल मागे घेतला. लोकांचं चालतं काम कर्नलने मोडायचं नाही, हा तिथला जुना नियम. नंतर कर्नलच्या ५.१ आवृत्तीत जागा २५६ बाइटची झाली आणि कापण्याचे नियम अधिक जपून लिहिले गेले. ही हकिगत मनात घोळवत ठेवण्यासारखी आहे. कमी जाणणारा कर्नल सगळ्यांना सामावून घेतो हे खरं. पण त्याच्या न जाणण्यावर कोण कोण टेकून उभं आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

आता न दिसणाऱ्या बाइटकडे लक्ष द्या. पहिली ओळ पुन्हा आकड्यांत म्हणा: ३५, ३३, ४७, ९८, १०५, ११०, ४७, ११५, १०४, आणि शेवटी १०. तीच फाइल विंडोजवरच्या एखाद्या एडिटरमध्ये सेव्ह झाली की शेवटी १० च्या आधी १३ येऊन बसतो. विंडोजवर ओळ अशी संपते. कर्नलच्या लेखी मात्र १३ ही मोकळी जागा नव्हे, तो नावाचाच भाग. म्हणजे पत्ता झाला '/बिन/एसएच' आणि त्याला चिकटलेला एक अदृश्य बाइट. अशा नावाचं काही डिस्कवर नसतं. पडद्यावर एरर येते: अशी फाइल किंवा फोल्डर नाही. नवशिका चक्रावतो, कारण स्क्रिप्ट तर समोर आहे, तिचं नावही बरोबर आहे. एरर त्याच्या फाइलबद्दल नसतेच. तिला वाचणाऱ्याबद्दल असते. कोण सापडलं नाही हे कर्नलची एरर सांगत नाही, आणि मला वाटतं या सगळ्या व्यवस्थेतली ती खरी उणीव आहे. लॅबमध्ये विद्यार्थी याच एररपाशी तासभर बसलेले असतात, आणि त्यांच्या एडिटरमध्ये ओळ अगदी बरोबर दिसत असते.

दुसरा अदृश्य पाहुणा मराठीत लिहिणाऱ्यांना जास्त भेटतो. स्क्रिप्टमध्ये देवनागरी मजकूर आहे, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची आहे, आणि काही एडिटर त्याच नावाखाली फाइलच्या तोंडाशी २३९, १८७, १९१ असे तीन बाइट लावतात. पडद्यावर ते दिसत नाहीत. कर्नल पहिला बाइट बघतो: ३५ नाही, २३९. संपलं. ही स्क्रिप्ट त्याच्यासाठी स्क्रिप्टच उरत नाही. मग जुनी रीत जागी होते: शेल म्हणतो, मजकुराची फाइल दिसते, मीच वाचतो. आत पायथन असला तरी शेल तो शेलच्या भाषेत वाचू लागतो. पायथनच्या फाइलच्या सुरुवातीला बहुधा 'इम्पोर्ट' असतं, आणि इमेजमॅजिक इन्स्टॉल केलेल्या मशीनवर 'इम्पोर्ट' नावाचा पडद्याचा फोटो काढणारा प्रोग्राम असतो. माउसचा बाण अधिकच्या चिन्हासारखा होतो आणि मशीन क्लिकची वाट बघत बसतं. तीच फाइल 'पायथन३' असं आधी लिहून चालवली तर बिनतक्रार चालते, कारण पायथनला ते तीन बाइट ओळखता येतात आणि तेव्हा कर्नल पहिल्या ओळीकडे बघतही नाही.

यावरून देवनागरीचं आणि या ओळीचं जमत नाही असं मात्र समजू नका. एक फोल्डर करा, त्यात 'वाचक' या नावाचा चालणारा प्रोग्राम ठेवा, आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि तो पूर्ण पत्ता अस्सल देवनागरीत लिहा. लिनक्सवर ती चालते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. कर्नलला यातलं काही ठाऊक नाही. तो तिरकी रेघ, मोकळी जागा, टॅब आणि ओळीचा शेवट एवढंच ओळखतो. मधले बाइट कोणत्या लिपीचे आहेत याची त्याला पर्वा नाही. १९८० मध्ये न्यू जर्सीत बसून हे लिहिणाऱ्यासमोर देवनागरी नव्हती आणि युनिकोडही नव्हता. तरी 'वाचक' तिथे बसतो, पायथन बसतो तसाच.

एका जागी मात्र दोनदा वाचण्याची किंमत मोजावी लागली. रिचींनी मोजलेल्या फायद्यांत एक असाही होता की स्क्रिप्टला तिच्या मालकाचे अधिकार देता येतील. चालवणारा कोणीही असो, स्क्रिप्ट मालकाच्या हक्काने चालेल. पुन्हा त्या दोन वाचनांच्या मधल्या क्षणात जा. कर्नलने फाइल उघडली, ओळ वाचली, मालकाचे अधिकार दिले. मग इंटरप्रिटर सुरू झाला आणि त्याने नावावरून फाइल पुन्हा उघडली. नाव आणि फाइल एकच नसतात. त्या निमिषात कोणी ते नाव दुसऱ्या फाइलकडे वळवलं, तर अधिकार पहिल्या फाइलच्या मालकाचे आणि चालणारा मजकूर भलत्याचाच. काही युनिक्सनी यावर इंटरप्रिटरच्या हाती नावाऐवजी उघडलेली फाइलच द्यायची वाट काढली. लिनक्सने सरळ ठरवलं की स्क्रिप्टवरचा मालकाचे अधिकार देणारा बिट मानायचाच नाही. यात काही सोय गेली, पण मला हा निर्णय योग्य वाटतो. जिथे वाचणारे दोन आहेत तिथे अधिकार एकाच्या वाचनावर सोपवता येत नाहीत.

इतकं सगळं ज्या ओळीवर उभं आहे तिच्याविषयी पॉझिक्स हे युनिक्सचं अधिकृत मानक काय म्हणतं? शेलच्या आज्ञांची फाइल या दोन चिन्हांनी सुरू झाली तर काय व्हावं हे ठरवून दिलेलं नाही, एवढंच. दुसरीकडे जावास्क्रिप्टमध्ये टीप दोन तिरक्या रेघांनी सुरू होते, हॅशने नाही. नोडसारखे इंटरप्रिटर ही ओळ आपापल्या परीने सोडून देत होते. त्या भाषेच्या मानकाच्या २०२३ च्या आवृत्तीने ती रीतसर व्याकरणात घेतली: हॅश आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ ही टीप समजावी, पण ती फाइलच्या अगदी तोंडाशी असेल तरच. त्या दोन चिन्हांच्या आधी एक मोकळी जागासुद्धा चालत नाही.